साडूच्या बोअरचं पाणी

फिल्टरवाल्याला जगात एकाच माणसाचा हेवा वाटायचा, आणि तो माणूस म्हणजे त्याचा साडू. कुणी बंगला बांधला, कुणाचा मुलगा परदेशी गेला, समोरच्या दुकानदारानं नवी गाडी घेतली, त्याला त्याचं काही नव्हतं. पण साडूनं नुसता नवा शर्ट घातला तरी ह्याच्या पोटात दुखायला लागायचं.

दोघं शहराबाहेरच्या एकाच वसाहतीत राहायचे, दोन गल्ल्यांच्या अंतरानं. नगरपालिकेचा नळ तिथवर पोचलेला नव्हता. ज्यानं त्यानं आपापल्या अंगणात बोअर मारलेली, आणि लागेल ते पाणी म्हणजे आपलं नशीब. फिल्टरवाल्याचा धंदा ह्या नशिबावरच चालायचा. कुणाचं पाणी क्षारानं जड, कुणाचं गढूळ, कुणाच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास. रस्त्यालगतच्या त्याच्या छोट्या दुकानात निळ्या टाक्या, वाळूच्या गोण्या, पाइपचे तुकडे आणि उघडून ठेवलेल्या मोटारी असा पसारा असायचा. शहरातल्या एका प्रयोगशाळेसाठी तो पाण्याचे नमुनेही गोळा करायचा. माणूस कामाला चोख होता. बसवलेला फिल्टर सहा महिन्यांनी न बोलावता बघायला जायचा.

साडू शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. उंच, हसरा, आणि जिभेवर साखर. लग्नकार्य असो की आजारपण, मास्तर आला की खोलीतली माणसं खुर्च्या वळवून त्याच्याकडे तोंड करून बसायची. फिल्टरवाला आला की लोक म्हणायचे, ‘बरं झालं आलात, जरा ती मोटार बघता का?’

मास्तर घरात येण्याआधी सहा वर्षं फिल्टरवाला एकुलता एक जावई होता. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा तेव्हा त्याला शेजारी बसवून घ्यायचे, आल्यागेल्याला सांगायचे, ‘आमचे जावई, हातात कसब आहे.’ मग धाकट्या मुलीनं मास्तरशी लग्न केलं आणि हळूहळू ती शेजारची खुर्ची सरकली. कुणी मुद्दाम केलं नाही. मास्तरला बुद्धिबळ येत होतं, एवढंच.

खरा घाव बसला तो सासूबाई गेल्यावर. अण्णा एकटे पडले, कुठल्या तरी मुलीकडे राहायला येणार हे ठरलं. फिल्टरवाल्यानं आपल्या घरातली मागची खोली रंगवून घेतली, पलंग उंच नको म्हणून त्याचे पाय कापून घेतले, न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा बसवला. अण्णा आले, सगळं बघितलं, फार छान केलंय म्हणाले, आणि धाकटीकडे राहायला गेले. ‘तिच्याकडे खिडकीतून टेकडी दिसते,’ एवढंच कारण. त्याला अकरा वर्षं झाली. दांड्यावर आता टॉवेल वाळत असतात.

आणि पाणी. फिल्टरवाल्याच्या बोअरला लोखंडाचं पाणी लागलं. उपसलं की काचेसारखं, तासाभरात तांबूस. कपडे पिवळे, बेसिनवर ओघळ, चहा तर शाईसारखा काळा व्हायचा. दुसऱ्यांना फिल्टर विकणाऱ्या माणसाच्या घरी असं पाणी! त्यानं गच्चीवर टाकी चढवली, पाणी वरून फवाऱ्यानं पाडायची सोय केली, खाली वाळूचे थर दिले, आणि ते तांबडं पाणी स्वच्छ करून दाखवलं. तरी पाहुणे घोट घेऊन म्हणायचे, ‘चांगलं आहे हो, पण चव नाही.’

मास्तरच्या बोअरला मात्र पहिल्या दिवसापासून नितळ, गार, गोड पाणी. जागा मास्तरनं स्वतः निवडली होती, खडकाचा उतार बघून. येणारा प्रत्येक माणूस एक पेला प्यायचा आणि दुसरा मागायचा.

एका रविवारी दोन्ही कुटुंबं मास्तरकडे जमली होती. जेवणं झाली. अण्णांनी पेला उन्हाला धरला आणि फिल्टरवाल्याकडे बघून म्हणाले, ‘जावईबापू, अख्ख्या वसाहतीला फिल्टर विका, पण ह्या घराकडे फिरकू नका. इथे तुमची डाळ शिजायची नाही!’

सगळे हसले. फिल्टरवाल्याची बायकोसुद्धा हसली. मास्तर म्हणाला, ‘अण्णा, त्यांच्या पोटावर पाय नका देऊ. भाऊ, तुम्हाला हवं तर आमच्या फाटकावर तुमची पाटी लावतो. “हे पाणी आमच्याकडचं नाही.”’

पुन्हा हशा. फिल्टरवाला हसण्यात सामील झाला, पण कान तापले होते.

‘नुसतं गोड लागून काय होतंय?’ तो म्हणाला. ‘एकदा तपासून घ्या की. माझ्याकडे बाटल्या आहेतच.’

‘घ्या ना! आत्ता घ्या,’ मास्तर उठलाच. ‘अण्णांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आलाय. सगळ्या पाहुण्यांसमोर तुमचा रिपोर्ट मोठ्यांदा वाचतो, आणि मग भिंतीवर लावतो. बोला!’

फिल्टरवाल्यानं गाडीच्या डिकीतून बाटली आणली. काम तो नियमानंच करायचा. अंगणातला नळ पाच मिनिटं सोडून दिला. बाटलीच्या तळाशी प्रयोगशाळेनं आम्लाचे थेंब घातलेले असतात, म्हणून ती विसळली नाही. गळ्यापर्यंत भरली, झाकण आवळलं, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि बोअरची खोली लिहिली. तुलनेला म्हणून आपल्या घरच्या पाण्याचीही एक भरली. बर्फाच्या डब्यात दोन्ही शेजारी शेजारी ठेवताना त्याच्या मनात आलं, निदान क्षार तरी निघू देत. थोडेसे. बोट दाखवण्यापुरते.

नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, पाकीट आलं. त्यानं मास्तरचा कागद आधी उघडला. क्षार कमी. लोह नाही. नायट्रेट मर्यादेत. त्याचं तोंड पडत चाललं होतं, तेवढ्यात नजर शेवटच्या ओळीवर गेली. आर्सेनिक. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅम चालतं. मास्तरच्या पाण्यात एकशे चाळीस होतं.

त्यानं दुसरा कागद उघडला. त्याच्या स्वतःच्या पाण्यात लोह भरमसाट. आर्सेनिक शून्य.

त्याला पहिल्यांदा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. छातीत काहीतरी इतक्या जोरात उसळलं की त्याला खाली बसावं लागलं. अकरा वर्षांचा गोड पेला एका ओळीनं पालथा केला होता. भीती मागाहून आली, आणि तीही दबकत.

दुपारी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. ‘तो एकशे चाळीस आलेला नमुना कुणाकडचा आहे? त्यांना आजच सांगा. प्यायला आणि स्वयंपाकाला बंद. आणि उकळून पितील तर तेही सांगा, उकळून ते जात नाही. पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं, उलट दाट होतं. चव नाही, वास नाही, रंग नाही. माणसाला कळतच नाही.’

‘सांगतो,’ फिल्टरवाला म्हणाला.

आणि त्यानं कागद गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवला.

स्वतःला त्यानं कारणं दिली. एवढी मोठी गोष्ट, एका नमुन्यावर कशी बोलायची? परत तपासायला हवं. शिवाय अकरा वर्षं पितायत, बारा दिवसांनी काय होणार? पण खरं कारण बारा दिवसांनंतरचा तो रविवार होता. पंच्याहत्तरावा वाढदिवस, खच्चून भरलेली खोली, आणि मास्तर आपल्या त्या गोड आवाजात एकेक ओळ वाचतोय. क्षार कमी. लोह नाही. मग शेवटची ओळ. ते दृश्य त्यानं इतक्यांदा मनात रंगवलं की कुणी कुठे बसलेलं असेल हेही ठरून गेलं.

बुधवारी सकाळी अण्णा फिरून परतताना दुकानात टेकले. पिशवीतून बाटली काढली, दोन घोट प्यायले आणि त्याच्यापुढे केली.

‘घ्या, जावईबापू. तुमच्या फिल्टरला सुट्टी द्या जरा.’

‘नको, अण्णा. तहान नाही.’

अण्णांनी खांदे उडवले आणि उरलेली बाटली सावकाश रिकामी केली. त्यांच्या तळहातांवर बारीक बारीक कठीण पुटकुळ्या होत्या. गेली दोन-तीन वर्षं ते कसलंसं मलम लावायचे, म्हातारपणाची कातडी म्हणायचे. फिल्टरवाल्यानं त्या हातांकडे बघितलं आणि लगेच पान्यांच्या पेटीत काहीतरी शोधायला लागला.

गुरुवारी त्यानं आपल्या मुलीला सांगितलं, ‘मावशीकडे अभ्यासाला जातेस ना, घरून पाण्याची बाटली नेत जा.’

‘का? मावशीकडचं पाणी तर मस्त आहे.’

‘प्यायचं नाही म्हटलं की नाही. आपलं आपण न्यावं.’

मुलगी चौदा वर्षांची होती, बापाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली आणि बाटली भरून घेऊन गेली.

शनिवारी मास्तर शाळेतून येताना दुकानापाशी थांबला. सायकलवरून उतरलाही नाही.

‘काय भाऊ, आला का आमचा निकाल? पहिला नंबर ना?’

‘नाही अजून,’ फिल्टरवाला म्हणाला. खण त्याच्या गुडघ्याला लागत होता.

त्या दिवशी तो घरी जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. रविवारी त्यानं मनाशी ठरवलं, उद्या सांगून टाकू. मग मास्तरचा हसरा चेहरा आठवला, ‘पहिला नंबर ना?’ आणि म्हणाला, आता सातच दिवस तर राहिलेत.

सोमवारी दुपारी बायको दुकानात आली. ती सहसा येत नसे. पाठीमागे शटर अर्धं ओढून ती स्टुलावर बसली.

‘मुलीला मावशीकडचं पाणी पिऊ नको म्हणालात?’

‘अगं, सहज. उन्हाचे दिवस आहेत…’ त्यानं समोरचा पाना उचलला आणि एक उघडी मोटार जवळ ओढली.

‘तो पाना खाली ठेवा. खोटं बोलायचं असलं की तुम्ही पाना उचलता. रिपोर्ट आला ना?’

त्यानं पाना खाली ठेवला.

‘आला ना?’

त्यानं खण उघडला. तिनं कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मग बोट परत वर नेलं, जिथे तारीख होती.

‘मंगळवार,’ ती म्हणाली. ‘आज सोमवार.’

‘मला परत एकदा खात्री करून…’

‘आपल्या पोरीपुरती खात्री झाली होती की तुमची.’ तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे त्याला जास्त लागलं. ‘तिथे माझी बहीण आहे. माझे वडील आहेत. मास्तर तुमचा साडू आहे, माझा नाही. माझं तिथे अख्खं माहेर आहे. काय धरून ठेवलं होतंत मनात?’

‘वाढदिवसाला सगळ्यांसमोर वाचायचं ठरलं होतं,’ तो पुटपुटला. सहा दिवस जे इतकं दिमाखदार वाटत होतं, ते तोंडातून बाहेर पडल्यावर एवढंसं झालं.

ती उठली. कागदाची घडी घातली आणि शटरखालून वाकून बाहेर पडली. तो कुलूप न लावताच तिच्यामागे निघाला. दोन गल्ल्या ती एकदाही मागे वळली नाही.

मास्तरकडे धाकटी स्वयंपाकघरात पातेलं नळाखाली धरून उभी होती. थोरलीनं जाऊन नळ बंद केला, पातेलं मोरीत ओतलं आणि कागद बहिणीच्या हातात दिला. धाकटीला आकड्यांचं काही कळेना, तिनं नवऱ्याला हाक मारली. मास्तर आला, अण्णा आले. मास्तरनं वाचलं. मनातल्या मनात वाचलं.

‘आर्सेनिक,’ तो म्हणाला, आणि खुर्ची चाचपत बसला. ‘म्हणजे अण्णांचे हात…’

अण्णांनी आपले तळहात वर करून बघितले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत.

मग मास्तर उठला आणि त्यानं फिल्टरवाल्याचे दोन्ही खांदे धरले. डोळ्यांत पाणी होतं. ‘भाऊ, त्या दिवशी मी तुमची चेष्टा केली. आणि तुम्ही नमुना नेला नसतात तर आम्ही मरेपर्यंत हेच प्यायलो असतो. तुमचे उपकार कसे फेडू?’

फिल्टरवाल्यानं बायकोकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. ती काही बोलणार नव्हती, झाकणारही नव्हती आणि उघडं पाडणारही नव्हती. खांद्यावरचे हात त्याला सोसेनात. सगळं ऐकून घेऊन घरी जाता आलं असतं. पण माफी मागण्यातसुद्धा हा माणूस आपल्यापेक्षा मोठा ठरतोय, ह्या विचारानं त्याच्या आत काहीतरी तडकलं. त्याच्या तोंडून खरं बाहेर पडलं त्याला चांगुलपणा किती कारण होता आणि जळफळाट किती, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

‘मास्तर, वरची तारीख बघा,’ तो म्हणाला. ‘मंगळवारी आला तो कागद. शनिवारी तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या खणात होता.’

मास्तरचे हात खाली आले. त्यानं कागद पुन्हा बघितला.

‘का?’

‘तुम्ही सगळ्यांसमोर वाचावा म्हणून.’

धाकटीनं तोंडाला पदर लावला. अण्णा हळूच म्हणाले, ‘बुधवारी तुम्हाला तहान नव्हती.’ त्यात राग नव्हता, नुसता हिशेब लागला होता.

मास्तर, ज्याचा आवाज कुणी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो ओरडला. ‘चालते व्हा! ह्या घरात परत पाय ठेवायचा नाही. नमुने गोळा करतात म्हणे! कीड आहे तुमच्या मनात, ती तपासून घ्या आधी!’ केस विस्कटले होते. फिल्टरवाला मान खाली घालून बाहेर पडला. रस्त्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा मास्तर त्याला आपल्यासारखाच एक माणूस वाटला होता.

वाढदिवस झाला नाही. अण्णांना शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. केस, नखं, लघवी, सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाले, पुटकुळ्या त्यामुळेच आहेत, पूर्ण जातील असं सांगता येत नाही, पण ते पाणी थांबवलंत तर पुढचं बरंच टळेल. सहा दिवसांनी असा काय फरक पडला, असं विचारायला फिल्टरवाल्यानं एकदा तोंड उघडलं होतं. बायकोनं त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि ते तोंड मिटलं.

घरात ती कामापुरतं बोलायची. रोज सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी दोन कॅनमध्ये भरून बहिणीकडे न्यायची. कॅन उचलायला तो पुढे झाला की म्हणायची, ‘राहू द्या. तिथे तुमचं काम नाही.’ चव नसलेलं ते पाणी आता मास्तरच्या घरात प्यायलं जात होतं, पण ज्याला ह्या गोष्टीचा आनंद व्हायला हवा होता त्याला तो काही केल्या होईना.

आठवडा गेला. एका संध्याकाळी फिल्टरवाला सायकलवरून जाताना मास्तरच्या दारात एक टेंपो उभा दिसला. शहरातल्या एका दुकानाची माणसं चकचकीत पांढरं यंत्र उतरवत होती. खोक्यावरचं चित्र त्यानं लांबूनच ओळखलं. निळ्या दिव्याचं यंत्र. जंतू मारायला उत्तम. आर्सेनिकचा त्यानं केसही वाकडा होत नाही. विकणाऱ्यानं ‘शंभर टक्के शुद्ध’ म्हटलं असणार, आणि मास्तरनं, ज्याला दगडातलं सगळं कळतं आणि फिल्टरमधलं काही कळत नाही, विश्वास ठेवला असणार.

तो पुढे गेला. गल्लीच्या टोकाला पोचला. तिथे थांबला. आता मास्तर चुकत होता, आणि चूक फक्त ह्यालाच दिसत होती. बोलायला गेलं की दारातून अपमान करून हाकलणार, हेही दिसत होतं. त्यानं सायकल वळवली.

फाटक लावलेलं होतं. त्यानं बाहेरूनच हाक मारली, ‘मास्तर!’

मास्तर ओसरीवर आला. ‘सांगितलं होतं ना?’

‘आत येत नाही. हे यंत्र परत पाठवा. हे जंतू मारतं. आर्सेनिक जंतू नाही, ते मरत नाही. दगडासारखं आहे ते, पाण्यातून उचलूनच काढावं लागतं.’

‘म्हणजे तुमचा फिल्टर बसवू? छान धंदा!’

‘माझा नको.’ त्यानं खिशातून पावतीपुस्तकाचा कागद फाडला आणि फाटकावर ठेवून लिहिलं. ‘पुलापलीकडे माझ्याच धंद्यातला एक आहे. माझं त्याच्याशी पटत नाही, पण माणूस काम नीट करतो. त्याला सांगा लोहाच्या दाण्यांची टाकी हवी. आर्सेनिक लोहाला चिकटतं. बसवल्यावर पहिल्या आठवड्यात तपासायचं, मग दर तीन महिन्यांनी, कारण दाणे भरले की ते विष परत पाण्यात सोडतात. तपासणी माझ्याकडून नको, थेट प्रयोगशाळेत न्या.’

कागद त्यानं फाटकाच्या सळ्यांत खोचला. मास्तर जागचा हलला नाही. धाकटी आतून आली, तिनं कागद काढून घेतला.

‘भाऊजी,’ ती म्हणाली, ‘टेंपो अजून गेला नाही म्हणून बरं.’ एवढंच बोलली आणि आत वळली.

टेंपो यंत्रासकट परत गेला. पुलापलीकडचा माणूस येऊन टाकी बसवून गेला. पहिल्या तपासणीत आर्सेनिक तीन आलं, आणि थोरलीनं कॅन न्यायचं बंद केलं. त्या रात्री जेवताना तिनं नवऱ्याला विचारलं, ‘भाजीत मीठ कमी आहे का?’ तीन आठवड्यांत तिनं त्याला काही विचारलं, ते हे पहिलंच. मीठ जास्त होतं. तो म्हणाला, ‘बरोबर आहे.’

ह्या सगळ्यात एक प्रश्न दोघा साडूंच्या डोक्यात वेगवेगळा शिरला होता. एका बोअरला एकशे चाळीस आणि दोन गल्ल्यांवर शून्य, मग मधल्या घरांचं काय? मास्तर नकाशा घेऊन बसला. फिल्टरवाला बाटल्या घेऊन हिंडायला लागला. पण नकाशाला आकडे लागतात आणि आकड्यांना नकाशा. शेवटी अण्णाच मध्ये पडले. ते दुकानात येऊन आकडे वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी जाऊन मास्तरला द्यायचे. मास्तर काही विचारायचं असलं तर चिठ्ठी पाठवायचा. ‘सतरा नंबरच्या बोअरची खोली?’ हा खाली लिहायचा, ‘एकशे दहा फूट. त्यांना काल सांगितलं.’ त्या ‘काल सांगितलं’ची कुणी मागणी केली नव्हती. पण प्रत्येक चिठ्ठीवर तो ते लिहायचा.

चाळीस घरांत अकरा बोअर विषारी निघाल्या. सगळ्या शंभर ते एकशे तीस फुटांमधल्या.

वसाहतीची सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. मास्तरनं भिंतीवर नकाशा लावला होता, लाल आणि हिरव्या टाचण्या, खडकाचे थर रंगवलेले. तो बोलायला लागला आणि हॉल तल्लीन झाला. नगरपालिकेचे अधिकारी मान डोलावत होते. पाइपलाइन ह्या भागात आधी आणू, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि टाळ्या वाजल्या, त्या मास्तरसाठी. तिसऱ्या रांगेत बसलेल्या फिल्टरवाल्यानं उन्हातान्हात भरलेल्या चाळीस बाटल्यांचं नाव निघालं नाही.

‘जळतंय का?’ बायकोनं समोर बघत हळूच विचारलं.

‘जळतंय,’ तो म्हणाला.

‘जळू दे. पण बसा.’

लोकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. अंघोळीला चालेल का? झाडांना? भांडी? मास्तर दोन-तीन वेळा अडखळला. मग नकाशाकडे वळून, फिल्टरवाल्याकडे न बघता म्हणाला, ‘हे आमचे साडू सांगतील. नमुने त्यांनीच घेतलेत.’

फिल्टरवाला उठला. अंघोळीला, कपड्यांना चालेल. प्यायला आणि स्वयंपाकाला नाही. उकळून उपयोग नाही. निळ्या दिव्याच्या यंत्राला भुलू नका. त्याचं बोलणं मास्तरसारखं गोड नव्हतं, पण लोक लिहून घेत होते.

मागून एक बाई उभी राहिली. कडेवर तान्हं मूल होतं. ‘आमचा नमुना परवाच नेलात. निकाल आला की किती दिवसांनी सांगता?’

हॉलमध्ये दीडशे माणसं होती. ह्या प्रश्नाचा भार त्यांतल्या पाचच जणांना ठाऊक होता. धाकटीनं मान खाली घातली. अण्णांनी हातांची घडी घातली. मास्तर नकाशावरची टाचणी काढून पुन्हा तिथेच टोचत होता. त्याला तोंड उघडायचं असतं तर हीच वेळ होती. त्यानं उघडलं नाही.

‘त्याच दिवशी,’ फिल्टरवाला म्हणाला. शब्द पुढच्या रांगांपुरताच पोचला. त्यानं पुन्हा एकदा, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, ‘बाई, त्याच दिवशी सांगतो.’

बाई बसली. पुढचा प्रश्न झाडांबद्दल होता.